बाजेची मोटार

कुंभार पिंपळगावात तातेराव न्हाव्याच्या दुकानात गिऱ्हाइकाला बसायला जी खुर्ची होती, तशी उभ्या अंबड तालुक्यात कुणाकडं नव्हती. खरं तर ती खुर्ची नव्हतीच, मोटारीचं सीट होतं. वर तांबूस कातडं, खाली स्प्रिंगा. दाढीला बसलेला माणूस त्यात असा रुतायचा की दाढी उरकली तरी उठायचं नाव घ्यायचा नाही. मग तातेराव वस्तरा पुसत म्हणायचा, "ऊठ की बाबा, सासुरवाडीला आलाय का?"

ते सीट कडूबा मिस्त्रीच्या मोटारीतलं. ते तिथून न्हाव्याच्या दुकानात का आलं, आणि एकदा परत मोटारीत का गेलं, एवढंच सांगायचं आहे.

कडूबाचा बाप व्यापाऱ्यांची बैलं बाजारोबाजार हाकीत न्यायचा. कडूबा मात्र लोखंडाच्या नादी लागला. जालन्याच्या एका जिनिंगात इंजिनाला तेल देता देता दहा-बारा वर्षांत तो इंजिन खोलून परत बसवणारा मिस्त्री झाला. त्या जिनिंगच्या मागच्या शेडात सरकीच्या पोत्यांआड एक मोटार उभी होती. शेहेचाळीस सालची एमजी, विलायती, दोनच माणसांची. निजामाच्या अमलातल्या कुणा अधिकाऱ्याच्या शौकीन पोराची. पोलीस ॲक्शननंतर ती माणसं घराला कुलूप लावून हैदराबादेकडं निघून गेली, मोटार राहिली. एकसष्ट साली जिनिंगचे मालक कडूबाला म्हणाले, "मिस्त्री, ही ब्याद तुम्ही घेऊन जा. कागद करून देतो. सरकीला जागा पुरंना."

कडूबानं दोन बैल जुंपून मोटार गावाकडं ओढत आणली. दोन दिवस लागले. वाटेत जो तो विचारायचा, "कडूबा, मोटार घेतली का बैलगाडी?"

"आत्ता बैलगाडी हाय. दिवाळीला मोटार व्हईल."

ती दिवाळी गेली, पुढचीही गेली. तिसऱ्या दिवाळीला मोटार सुरू झाली. लांब नाक, दोन्ही अंगांनी पाण्यासारखे खाली उतरत आलेले मडगार्ड, माशीच्या डोळ्यांसारखे बाहेर आलेले मोठाले दिवे. बौद्धवाड्यातून ती निघाली तेव्हा कडूबाच्या शेजारच्या सीटवर त्याची बायको चांगुणाबाई बसली होती. डोईवरचा पदर दातात धरून, डोळे गच्च मिटून. गावाला चक्कर मारून आल्यावर ती म्हणाली, "कुठं कुठं गेल्तो आपुन?"

पहिली दहा वर्षं कडूबानं मोटारीला फारसं काही केलं नाही. तारांची चाकं आपल्या रस्त्यांवर टिकेनात म्हणून जीपची चाकं बसवली. वरच्या बॉडीचा सांगाडा लाकडाचा होता, तो किडला म्हणून सुतारानं बाभळीचा करून दिला. बाकी इंजिन दुरुस्तीच्या कामाला शेतोशेती जायला मोटार, आणि पोळ्याला पोरांना चक्कर मारायला मोटार.

मग बहात्तर-त्र्याहत्तरचा दुष्काळ आला. पाझर तलावाच्या कामावर अर्धा गाव खडी फोडत होता. चांगुणाबाईही होती. ती सुईण होती, सासूकडून शिकलेली. एक दिवस कामावरच एका बाईला कळा सुरू झाल्या, मूल आडवं आलं. चांगुणाबाईनं तिला कडूबाच्या मोटारीत घातलं. पण बसायच्या सीटवर आडवी बाई मावती कशी? पाय दाराबाहेर, डोकं कडूबाच्या मांडीवर, चांगुणाबाई बाहेरच्या पायरीवर उभी. अंबडच्या दवाखान्यात पोचेपर्यंत लेकरू गेलं, बाई वाचली. परत येताना चांगुणाबाई एवढंच म्हणाली, "हिच्यात एक बाज बसली आसती तर."

दुसऱ्या दिवशी कडूबानं मोटार कापली.

कापली म्हणजे खरंच कापली. खालची चेसी, सगळी मोटार जिच्यावर उभी असते ती, मधोमध कापून अकरा इंचाचं लोखंड जोडलं आणि मोटार लांब केली. डाव्या अंगाचं दार काढलं, ते चांगुणाबाईनं कोंबड्यांच्या खुराड्यावर झाकण म्हणून ठेवलं. डावं सीट काढून तातेरावाला दिलं. मागची पेट्रोलची टाकी उचलून बॉनेटवर नेली, शेतातल्या ऑईल इंजिनाला असते तशी. आणि डाव्या बाजूला, इंजिनापासून थेट मागच्या टोकापर्यंत, सुंभाची बाज बसवली. चार बोल्ट सोडले की बाज पेशंटसकट उचलून दवाखान्यात न्यायची. वर पत्र्याचा टप. उशाला चांगुणाबाईला उकिडवं बसायला एक पाट.

बघणारे पोट धरून हसले. सर्जेराव पाटील म्हणाले, "मिस्त्री, घोड्याची शेळी केली राव तुम्ही."

"शेळी दूध देती, पाटील," कडूबा म्हणाला.

पुढल्याच वर्षी पाटलांची सून त्या बाजेवर झोपून गेली. नातू झाला. परत आल्यावर पाटलिणीनं सुनेवर गोमूत्र शिंपडून तिला घरात घेतलं, हे चांगुणाबाईनं दारातून पाह्यलं. दोन वर्षांनी दुसऱ्या खेपेला पाटलांचा गडी पुन्हा पळत आला, "मिस्त्री, गाडी काढा, जल्दी." कडूबानं गाडी काढली. रस्त्यानं बायकोला म्हणाला, "जाताना माणूस आसतं चांगुणा, येताना जात आसती." ती म्हणाली, "तुमी पुढं बघा."

चार वर्षांत त्या बाजेवरनं किती बाया गेल्या, कुणी लिहून ठेवलं नाही. फक्त मोटार थकली. चढ आला की बाळंतिणीच्या नवऱ्यानं खाली उतरून ढकलायचं, असा नेमच झाला होता.

आणि सत्त्याहत्तरच्या हिवाळ्यात जालन्याहून बद्रीनाथ आला. बद्रीनाथाचं जुन्या स्पेअर पार्टचं दुकान. माणूस बोलका, हातात सोन्याची अंगठी. त्यानं मोटारीला तीन चकरा मारल्या आणि कपाळावर हात मारला.

"कडूबा, तू येडा का शाणा? मुंबईचे लोक ह्या गाड्या पागल होऊन शोधून राह्यलेत. माझ्या वळखीचे एक साहेब हायेत. पंचवीस हजार देतील."

कडूबानं पान्हा खाली ठेवला. "हिचे?"

"हिचे. पण ही जशी विलायतेहून निघाली तशी दिसायला पाहिजे. बिलकुल तशी. हा टप, ही बाज, हे टाकीचं बॉनेटवरचं गाठोडं, हे आसं दिसलं तर भंगाराचा भाव."

"आरं, बाज हाय म्हणून तर गाडी कामाची हाय."

"कामाची आसल. किमतीची न्हाई."

हे कडूबाच्या डोक्यात शिरेना. बापाबरोबर पाह्यलेल्या बाजारात बैल जेवढा कामाला लागलेला, तेवढी त्याची किंमत. गाडीला चालतो, नांगराला चालतो, मोटेला चालतो म्हटलं की भाव चढायचा. आणि हिनं एवढ्या बाया पोचवल्या तर हिचा भाव उतरतो? त्यानं बद्रीनाथाला तसं विचारलंही. बद्रीनाथ म्हणाला, "लेका, ते लोक बैल न्हाई घेत. ते बैलाचा फोटू घेत्यात."

पण पंचवीस हजार. औरंगाबादेला लष्कराच्या लिलावातली जीप बावीसला मिळत होती, कडूबा स्वतः बघून आलेला. जीपमध्ये दोन बाजा बसल्या असत्या. चढाला कुणी ढकलायला नको. पावसाळ्यात चिखलातून निघाली असती.

जेवताना त्यानं हे चांगुणाबाईला सांगितलं. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो, खाली चूल, चुलीपुढं ती. भाकरी थापता थापता ऐकत राहिली.

"साहेब कधी येनार?"

"पंधरा रोजांनी. तवर सगळं खोलून परत जसंच्या तसं करावं लागंल."

"म्हंजी पंधरा रोज गाडी न्हाई."

"कोन हाय का दिवसात?"

चांगुणाबाईनं बोटं मोजली. "पाटलाच्या मळ्यातली सुटली परवा. कुंभारवाड्यात एक, तिला चौथा महिना. रायभानाची आसरा... तिला आजून महिना हाय."

"बराबर?"

"माझी मोजनी चुकली का कधी?"

रायभान धनगर. गावाबाहेर ओढ्याकाठी त्याची वस्ती, शंभरेक मेंढरं. आसरा त्याची बायको, वय वीस, पहिलटकरीण. आईबाप नसलेली, म्हणून माहेरी न जाता इथंच राहिलेली. रोज सकाळी चांगुणाबाईकडं दूध घालायला यायची आणि बाजेवर बसून बघायची. "मावशे, हिच्यावरच मला न्यायचं बरं का. मंग आत्ताच झोपून बघू का जरा?" चांगुणाबाई म्हणायची, "ऊठ गं भवाने, वेळ आल्याबिगर झोपू न्हाई तिच्यावर."

महिना आहे म्हटल्यावर कडूबानं दुसऱ्या दिवशी मोटार खोलली.

बाजारात न्यायच्या आधी बैलाला धुतात, शिंगं साळून रंगवतात, अंगाला तेल लावतात. जुन्या जखमेच्या वळावरनं झूल टाकतात. यात कुणी लबाडी मानत नाही. पोरगी दाखवताना पावडर लावतात तसं ते. पण त्या बाजारात एक रीतही होती. घेणाऱ्यानं बैलाच्या पाठीवर हात ठेवून विचारलं, "काही खोड?" की विकणाऱ्यानं खरं सांगायचं. नाही विचारलं तर गिऱ्हाइकाचं नशीब. विचारलं तर मात्र खरं. कडूबाचा बाप म्हणायचा, "हात ठिवल्यावर खोटं बोलला, त्याच्या दावनीला परत जनावर टिकत न्हाई."

कडूबानं मोटारीला बैलासारखंच सजवायला घेतलं. बाज काढून भिंतीला उभी केली. टप काढला. खुराड्यावरचं दार चांगुणाबाईनं घासून दिलं. तातेरावानं सीट परत दिलं, वर म्हणाला, "न्या मिस्त्री. आता गिऱ्हाईक जल्दी उठंल तरी." टाकी मागं नेली. चेसीचा अकरा इंचाचा जोड घासून घासून त्यानं असा सपाट केला की बोटाला लागू नये. वर हिरवा ऑईलपेंट. साहेबाला लांबी कळू नये म्हणून मधल्या भागात त्यानं पत्रा घडवून बेमालूम बसवला. ती झूल.

आठवा दिवस. गिअरबॉक्स खाली उतरवलेला, टाकीची नळी मोकळी लोंबत, मडगार्डावर रंग ओला. सकाळी दहाच्या सुमाराला रायभान पळत आला. पायात पायताण नव्हतं.

"मावशे, आसराला... लई अंगावरून चाललंय."

चांगुणाबाई उठून तशीच पळाली. वस्तीवर जाऊन तिनं बघितलं आणि तिला कळलं. पोट हातानं चाचपताना मूल पुरं भरलेलं लागलं. महिना नव्हताच. आसरानं दिवस सांगितले होते ते मेंढरं डोंगरावरून खाली उतरवल्यापासूनचे, पाळी त्याच्या आधीच चुकली होती, आणि चांगुणाबाईनं ते तसेच धरले होते. आपण तेव्हा हात लावून का बघितलं नाही, हे तिनं पुढं आयुष्यभर स्वतःला विचारलं.

एसटी सकाळीच गेली होती. पाटलांचं ट्रॅक्टर घनसावंगीकडं. बैलगाडी जुंपली. गाडीत चांगुणाबाई, तिच्या मांडीवर आसराचं डोकं, पुढं रायभान. कडूबाच्या दारावरून गाडी गेली तेव्हा तो मोटारीखाली आडवा होता, तेलानं माखलेला. गाडी थांबली नाही. आसरानं मान वळवून भिंतीला उभ्या बाजेकडं पाह्यलं, असं चांगुणाबाईनं एकदाच सांगितलं, पुन्हा कधी नाही.

कडूबानं चार तासांत मोटार जुळवली. एरवी ते दोन दिवसांचं काम. तातेराव वस्तरा टाकून आला, नट हातात देत राहिला. बाज बसवायला वेळ नव्हता, तिला आता जागाही नव्हती. दोन सीटं, तेवढीच. अडीच वाजता मोटार निघाली. ओल्या हिरव्या रंगावर धुळीचा थर बसत गेला.

बाभळीच्या ओढ्यापाशी त्याला समोरून बैलगाडी येताना दिसली. अंबडकडून. इकडं तोंड केलेली.

त्याला वाटलं, बाई सुटली, म्हणून परतले. तो मोटार पुढं घेत राहिला. बैलांनी कान उभे केले, जू वर उचललं. रायभानानं कासरा ओढून धरला आणि हळूच म्हणाला,

"मामा, गाडी बंद करा. बैलं बुजत्यात."

कडूबानं मोटार बंद केली. मग त्याला दिसलं. गाडीत चांगुणाबाई तशीच बसलेली, मांडीवर डोकं तसंच, आणि आसराच्या तोंडावर तिचाच पदर ओढलेला. लेकरू पोटातच राहिलं होतं.

बैलगाडी पुढं निघून गेली. कडूबा तिथंच बसून राहिला, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून.

त्या आठवड्यात नवरा-बायकोत बोलणं असं झालंच नाही. तिनं वाढायचं, त्यानं खायचं. एकदा तो म्हणाला, "मी खोलायला नको होती." ती म्हणाली, "महिना हाय म्हनून मीच सांगितलं." साहेब यायच्या आदल्या सकाळी मात्र ती बोलली. "आता जीप तरी आना. तेवढं तरी होऊ द्या." आणि तिनं स्वतः ओल्या फडक्यानं मोटारीवरची धूळ पुसली.

साहेब आले. साठीचे, गोरे, मऊ बोलणारे. बद्रीनाथ त्यांच्या मागंपुढं. साहेबांनी मोटार पाहिली आणि त्यांचे डोळे ओलावले, हे खरं. त्यांनी दिव्यांना हात लावला, घड्याळाच्या काचेवर बोट फिरवलं. चाकांकडं पाहून म्हणाले, "ही बदलता येतील." रंगाकडं पाहून हसले, "हाही." मग दहा पावलं मागं गेले आणि डोळे बारीक करून बराच वेळ बाजूनं बघत राहिले.

"मिस्त्री, का कोण जाणे, मला ही थोडी लांब वाटतेय."

"उन्हानं वाटतं, साहेब," बद्रीनाथ म्हणाला.

साहेब पुढं आले. मोटारीच्या बॉनेटवर तळहात ठेवला आणि कडूबाकडं बघून विचारलं, "चेसी कधी कापलेली नाही ना?"

"छे छे! बिलकुल न्हाई, साहेब," बद्रीनाथ.

कडूबा त्या हाताकडं बघत होता. दारात चांगुणाबाई उभी होती. तिच्या शेजारी भिंतीला बाज. बोलला तर जीप नाही. नाही बोलला तर पाच-सहा दिवसांत जीप दारात. साहेबांचा हात बॉनेटवरून हलला नाही.

"कापलीय साहेब," कडूबा म्हणाला. "अकरा इंच वाढवलीय."

"कशाला?" साहेबांच्या तोंडून सुटलं.

"बाजेसाठी."

त्यांना कळलं नाही. कडूबानं सांगितलं, दोन-तीन वाक्यांत. आसराचं सांगितलं नाही. साहेबांनी खिशातून टेप काढला, पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत धरला. एकशेपाच इंच. "चौऱ्याण्णव पाहिजेत," ते म्हणाले, जणू कुणाचा ताप बघितला. मग उभे राहिले.

"मिस्त्री, जोड इतका सुंदर मी पाहिला नाही. पण चेसी कापलेली गाडी कुणी ठेवत नाही. चाकं मिळतात, रंग जातो, चेसी नाही. दिवे, घड्याळ आणि इंजिनचे सुटे भाग काढून देणार असाल तर दीड हजार देईन."

"सुटं न्हाई देनार, साहेब. ती चालती आजून."

साहेबांनी मान हलवली. जाताना बॉनेटवर पुन्हा एकदा हात ठेवला, पण विचारलं काही नाही. बद्रीनाथ मात्र मागं थांबून दातओठ खात म्हणाला, "पंचवीस हजार गेले! दोन मिनिटं तोंड न्हाई मिटता आलं?"

साहेबांच्या मोटारीची धूळ खाली बसली. कडूबाला वाटलं, आता चांगुणा बोलेल. तिनं बोलावं असंही त्याला वाटत होतं.

"जीप आली आसती," ती म्हणाली.

"हां."

"खरं बोलले ते बरं केलं का वाईट केलं, मला कळंना." ती वळली, भिंतीची बाज एकटीनंच ओढत आणली आणि त्याच्यापुढं आडवी टाकली. "बसवा. कुंभारवाड्यातलीला पाचवा लागला."

सीट परत तातेरावाकडं गेलं, दार परत खुराड्यावर. टाकी परत बॉनेटवर. हिरवा रंग तेवढा राहिला.

महिनाभरानं रायभान आला, काखेत घोंगडं. लहानसं, लेकराच्या मापाचं. "तिनं लोकर कातून ठिवली होती," तो म्हणाला. "विणून आनली. मेंढरं घेऊन चाललोय वर, मला आता ह्याचं काय करायचं?" त्यानं ते बाजेच्या पायथ्याशी ठेवलं. सुंभ हातानं दाबून बघितला, ताण बरा आहे का ते. कडूबा उठून उभा राहिला. रायभान म्हणाला, "येतो मामा," आणि निघून गेला.

मोटार आणखी दोन वर्षं चालली. जाताना कडूबा ती दामटायचा, कुठं थांबायचा नाही. येताना मात्र, बाजेवर बाळंतीण, तिच्या कुशीत त्या लहान घोंगड्यात गुंडाळलेलं लेकरू, असं सगळं सुखरूप असतानाही बाभळीच्या ओढ्यापाशी तो मोटार बंद करायचा. थोडा वेळ नुसता बसायचा. बाळंतिणीची सासू घाबरून विचारायची, "काय झालं वो मिस्त्री? बिघडली का?"

उशाच्या पाटावरून चांगुणाबाई म्हणायची, "काई न्हाई बाई. बैलं बुजत्यात."

सासू मान काढून रस्त्यावर बघायची. रस्ता लांबवर मोकळा असायचा.